पवित्र म्हणजे सोवळं नव्हे

गेल्या महिन्यात आमच्या शुक्रवारच्या बायबल अभ्यासवर्गात दुसऱ्या शमुवेलाचा सहावा अध्याय निघाला. दावीद राजा कराराचा कोश यरुशलेमात आणायला निघतो. कोश नव्या कोऱ्या गाडीवर चढवलेला, पुढे वाद्यांचा गजर. एका खळ्यापाशी बैल अडखळतात. उज्जा नावाचा माणूस कोश सावरायला हात पुढे करतो आणि जागच्या जागी मरतो. वर्ग घेणाऱ्या सरांनी सातव्या वचनापर्यंत वाचलं आणि बायबल मिटलं. "हा जुन्या करारातला देव," ते म्हणाले. "पवित्र, म्हणून लांब. हात लावला की संपलं. येशू आला आणि हे सगळं पालटलं. आता देव आपला बाप आहे, मित्र आहे. भिण्याचे दिवस गेले."

सर मला वडिलांसारखे. रोज बायबल उघडायची सवय त्यांनीच मला लावली, म्हणून भर वर्गात मी उलट बोलले नाही. हे मत त्यांच्या एकट्याचं असतं तर त्यांच्या घरी जाऊन चहा घेता घेता बोलले असते. पण हेच मी प्रवचनांत ऐकलंय, लग्नाच्या उपासनेत ऐकलंय, मयताच्या घरी ऐकलंय. त्याची दुसरी बाजूही ऐकलीय. मंडळीतली काही वडीलधारी माणसं कळवळून सांगतात की नव्या गाण्यांनी देवाला गल्लीतला दोस्त करून टाकलं, त्याचा धाक म्हणून राहिला नाही. आणि चर्चबाहेरचे स्नेही म्हणतात, तुमचा देव सिंहासनावरचा न्यायाधीश; आमचा विठोबा विटेवर उभा राहून वाट बघतो.

तिघांचं म्हणणं वेगळं, पण तिघांच्या हातात तराजू एकच आहे. एका पारड्यात देवाचं जवळ असणं, दुसऱ्यात त्याचं पवित्र असणं. एक खाली गेलं की दुसरं वर जाणार. माझं भांडण त्या तराजूशी आहे. बायबलमधला देव पवित्र असूनही जवळ येतो असं मला म्हणायचं नाही. तो पवित्र आहे म्हणूनच जवळ येऊ शकतो, असं मला म्हणायचं आहे.

सरांचं मत जुनं आहे, आणि त्याचं पुढे काय होतं हे मंडळीने एकदा पाहिलेलं आहे. दुसऱ्या शतकात काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे गावचा मार्सियन नावाचा एक माणूस रोमला आला. जहाजांच्या धंद्यातला, पैसेवाला. त्याने रोमच्या मंडळीला दोन लाख सेस्टर्सची देणगी दिली. तो शिकवू लागला की जुन्या करारातला देव वेगळा आणि येशूचा बाप वेगळा. पहिला कठोर न्यायाचा, दुसरा निव्वळ प्रेमाचा. इ.स. १४४ मध्ये मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि त्याचे पैसेही परत केले. हा पैसे परत करण्याचा तपशील मला फार मोलाचा वाटतो. प्रश्न किती मूलभूत आहे, हे त्या मंडळीला कळलं होतं.

मार्सियनला आपल्या मताला साजेसं शास्त्र करण्यासाठी कात्री हातात घ्यावी लागली. जुना करार तर त्याने पुरताच टाकला. नव्यातलंही फक्त लूकचं शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रं ठेवली, तीही कापूनछाटून. येशूला त्या पवित्र देवापासून वेगळं करायचं तर लूकचं शुभवर्तमानसुद्धा जसंच्या तसं चालेना. आणि एवढं करून हाती काय आलं? ज्याने हे जग निर्माण केलं नाही, ज्याचा आपल्या मातीशी, आपल्या देहाशी कधी संबंध नव्हता, असा एक परका देव. मार्सियनचे विरोधक आणि अभ्यासक दोघेही त्या देवाला परकाच म्हणतात. पावित्र्य काढून टाकलं की देव जवळचा होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे थांबून विचार करावा.

आता जुन्या कराराकडे येते. होरेब डोंगरावर झुडूप जळतंय आणि जळून जात नाही. मोशे बघायला जातो. आवाज येतो, पुढे येऊ नकोस, पायातल्या वहाणा काढ, ही जागा पवित्र आहे. सर इथेही थांबतील कदाचित, पण बोलणारा थांबत नाही. त्याच दमात तो सांगतो की मिसरात माझ्या लोकांचे हाल मी पाहिलेत, मुकादमांच्या जाचाने त्यांनी फोडलेला टाहो ऐकलाय, त्यांचं दुःख मला ठाऊक आहे, आणि त्यांना सोडवायला मी खाली उतरलोय. मोशेला पुढे येऊ नको म्हणणारा स्वतः मात्र खाली आलेला आहे. अंतर आहे, पण ते अंतर चालून आलेला तो आहे.

आणि वहाणांचं म्हणाल तर मराठी माणसाला हे समजवायला नको. चपला आपण देवळाच्या पायरीशी काढतो आणि आपल्या घराच्या उंबऱ्याशीही काढतो. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत अजूनही किती चर्चमध्ये लोक चपला बाहेर काढून सतरंजीवर मांडी घालून बसतात. आदर दाखवण्यासाठी जी कृती, तीच घरात आल्याची खूण. एका कृतीत दोन्ही मावतात हे आपल्या पायांना माहीत आहे.

पुढे यशया. देवाला त्याने दिलेलं सर्वांत लाडकं नाव म्हणजे 'इस्राएलाचा पवित्र प्रभू'. त्या एका ग्रंथात ते पंचवीसेक वेळा येतं. यातल्या षष्ठीकडे बघा. पवित्र, आणि तरी कुणाचा तरी. शाळेत आपण शिकलो की षष्ठी संबंध दाखवते. आणि या नावाला यशया पुन्हापुन्हा जोडतो तो शब्द आहे गोएल. मराठी बायबलात 'उद्धारकर्ता' असं त्याचं भाषांतर होतं, त्यामुळे मूळची चव निघून जाते. गोएल म्हणजे रक्ताचा जवळचा नातलग. भावाची जमीन गहाण पडली तर ती सोडवायची, भाऊ कर्जापायी गुलाम झाला तर त्याची किंमत भरायची, हे ज्याच्यावर बंधन असतं तो. रूथच्या गोष्टीतला बवाज हे काम करतो. यशया म्हणतो की तुमचा हा नातलग म्हणजेच तो पवित्र प्रभू. ज्याच्यापुढे सराफीमही तोंड झाकून घेतात, तो आपल्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला आलेला घरचा माणूस आहे.

मात्र सगळ्यांत निर्णायक साक्ष होशेयाची. त्याच्या अकराव्या अध्यायात देव एफ्राईमला हाताला धरून चालायला शिकवणाऱ्या बापासारखा बोलतो. मग मुलाच्या बेइमानीने संतापतो, शिक्षेची भाषा करतो आणि मध्येच त्याचं काळीज पालटतं. मी तुझा नाश करणार नाही, म्हणतो. का? इथे आपण अपेक्षा करू की तो म्हणेल, कारण मी प्रेमळ आहे. कारण वेगळंच दिलेलं आहे. मी माणूस नाही, देव आहे, तुझ्या मध्ये असलेला पवित्र आहे, म्हणून मी रागाने येणार नाही. माणसाचा राग सूडावर जातो. याचा जात नाही, कारण हा पवित्र आहे. क्षमा इथे पावित्र्यातून निघते. सरांच्या तराजूवर हा अध्याय कुठल्या पारड्यात घालायचा?

मग आपण सगळे इतकं चुकीचं का वाचतो? मला याचं उत्तर आपल्याच घरात सापडतं. 'पवित्र' हा शब्द कानावर पडला की मराठी मनात त्याचा अर्थ उमटतो सोवळं. सोवळं म्हणजे जे शिवलं की बाटतं. ते जपायचं असतं, म्हणून लांब ठेवायचं असतं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'च्या सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची आणि त्यापायी साऱ्या घराच्या झालेल्या छळाची हकिगत आहे. ज्यांनी वाचलं त्यांच्या मनातून ते घर जात नाही. ते सोवळं मुळात भित्रं आहे. जगातली प्रत्येक वस्तू त्याच्यापेक्षा बलवान. कुणाचीही सावली त्याला हरवू शकते. देवाचं पावित्र्य असं आहे असं मानलं की तो जवळ येणं शक्यच नाही, आणि जवळ आलाच तर पावित्र्य बाहेर ठेवून आला असणार. सरांचं सगळं अनुमान त्या एका चुकीच्या अर्थावर उभं आहे.

शब्दाचा मूळ अर्थ तर उलटा आहे. संस्कृतात 'पू' म्हणजे शुद्ध करणे आणि पवित्र म्हणजे शुद्ध करण्याचं साधन. वेदकाळी सोमरस ज्या लोकरीच्या गाळणीतून गाळत तिला पवित्र म्हणत. धार्मिक विधीत बोटात घालतात त्या दर्भाच्या अंगठीलाही हेच नाव. गाळणी लांब राहून काम करत नाही. जे गढूळ आहे ते तिच्यातूनच जावं लागतं. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी हा शब्द उचलला तेव्हा त्यांच्या हाती फार चांगला शब्द लागला होता. वाचताना आपण त्याला सोवळं नेसवलं.

विरुद्ध बाजूचं बळ मी झाकून ठेवणार नाही. हिब्रूतला शब्द 'कादोश', आणि त्यात वेगळं काढलेलं, राखलेलं हा भाव आहेच. निवासमंडपात पडद्यामागे परमपवित्रस्थान होतं आणि तिथे वर्षातून एकदा, तेही प्रमुख याजकानेच जायचं होतं. हाग्गय संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायात तर याजकांना सरळ प्रश्न विचारलाय: एखाद्याने वस्त्राच्या पदरात पवित्र मांस बांधलं आणि तो पदर भाकरीला लागला, तर भाकरी पवित्र होते का? याजक म्हणतात, नाही. आणि मयताला शिवलेला माणूस भाकरीला शिवला तर ती बाटते का? बाटते. म्हणजे विटाळ संसर्गजन्य, पावित्र्य नाही. सरांनी हा अध्याय काढला असता तर मला वर्गात उत्तर देणं अवघड गेलं असतं.

पण त्याच जुन्या करारात, निर्गमात, वेदीबद्दल सांगितलंय की तिला जे लागेल ते पवित्र होईल. म्हणजे उलट्या दिशेने वाहणाऱ्या पावित्र्याचा एक झरा तिथेही होता. आणि निवासमंडप होता कुठे? छावणीच्या एका टोकाला नव्हता, मधोमध होता. बारा वंशांचे तंबू त्याच्या चारी बाजूंना. पडदा होता, पण पडद्यामागचा वस्तीतच राहत होता.

आता हाग्गयाचा तो वस्त्राचा पदर लक्षात ठेवून मार्कचा पाचवा अध्याय वाचा. बारा वर्षं रक्तस्राव होत असलेली एक बाई गर्दीतून मागून येते आणि येशूच्या वस्त्राला हात लावते. लेवीयाच्या नियमाप्रमाणे ती अशुद्ध, तिचं अंथरूण अशुद्ध, ते शिवणारा संध्याकाळपर्यंत अशुद्ध. बारा वर्षं. आपल्याकडे कावळा शिवला म्हणून बाईला चार दिवस बाजूला बसवत. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी घराच्या एका कोपऱ्यात चटईवर, ताट-तांब्या वेगळा घेऊन बसलेल्या मी पाहिल्यात. त्यातलं चार दिवसांचं लांब होणं ज्यांना माहीत आहे त्यांनी बारा वर्षांचा हिशेब करावा. ती हात लावते आणि नियमाप्रमाणे जे व्हायला हवं ते होत नाही. तो बाटत नाही, ती बरी होते. याजकांनी जे अशक्य म्हटलं ते त्या पदरापाशी घडतं. आणि लपून निसटू बघणाऱ्या तिला तो सगळ्यांसमोर बोलावतो आणि मुली म्हणतो.

पहिल्याच अध्यायातला कुष्ठरोगी याहून जास्त सांगतो. कुष्ठरोग्याने छावणीबाहेर एकटं राहायचं आणि अशुद्ध, अशुद्ध असं ओरडत जायचं, असा नियम. येशू त्याला शब्दाने बरा करू शकला असता. इतरांना तसं केलंय. इथे तो हात पुढे करून स्पर्श करतो. मग तो माणूस गावभर सांगत सुटतो आणि मार्क शेवटी एक साधी गोष्ट नोंदवतो: त्यानंतर येशूला उघडपणे गावात जाता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहू लागला. बाहेरचा आत गेला आणि आतला बाहेर आला. दोघांनी जागा बदलल्या.

हा जागाबदल कुठवर जातो ते इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आहे. येशूने लोकांना पवित्र करण्यासाठी मरण सोसलं ते नगराच्या वेशीबाहेर, म्हणून आपणही त्याच्याकडे बाहेर जावं, असं तो लेखक सांगतो. वेशीबाहेर! हा शब्द मराठीत नुसता भूगोलाचा नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केलं आणि पुढे ज्या हजारोंनी बाप्तिस्मा घेतला त्यांतले बहुतेक महारवाड्यातले, मांगवाड्यातले. माझे पणजोबा त्यांतलेच. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आलं होतं की देव गावात आहे, सोवळ्यात आहे, तुमची सावली पडली तर तो बाटेल. पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकू न दिलेल्या चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर, बाहेर आहे. अशा माणसांना कुणीतरी वाचून दाखवलं की परमपवित्र देव गावाच्या वेशीबाहेर मेला, तुमच्या वस्तीच्या बाजूला. त्यांच्या दृष्टीने ही बातमी होती ती देव पवित्र राहिला नाही अशी मुळीच नव्हती. पवित्र देवाला आमचा विटाळ होत नाही, ही होती. सर, या दोन वाक्यांतलं अंतर तुमच्या शिकवण्यात बुजून जातं. देव पवित्र नसता तर त्याने आम्हाला शिवण्याला काय किंमत होती?

हेही सांगितलं पाहिजे की वेशीबाहेरच्या त्या देवाला मानणाऱ्या आमच्या मंडळ्यांनी जात आत आणली. लग्नं जुळवताना ती अजून विचारली जाते. ज्या पावित्र्याने आम्हाला जवळ केलं त्याचंच सोवळं करून आम्ही दुसऱ्याला लांब ठेवलं. म्हणून 'पवित्र' या शब्दाचा अर्थ नीट लावणं ही माझ्या दृष्टीने निव्वळ पुस्तकी बाब नाही.

आता तराजूचं दुसरं पारडं. भिण्याचे दिवस गेले, देव आपला मित्र, असं म्हणणाऱ्यांच्या हाती हुकमाचं पान असतं ते 'अब्बा' या शब्दाचं. येशू देवाला अब्बा म्हणे, आणि अब्बा म्हणजे पप्पा, लहान मुलाची हाक, असं किती प्रवचनांत ऐकलंय. योआखिम येरेमियास या जर्मन पंडिताच्या संशोधनातून ही समजूत पसरली. अब्बा हा मूळचा लहान मुलाचा बोबडा बोल, असं त्याने एकेकाळी मांडलं होतं, आणि तो स्वतःच नंतर त्यापासून मागे सरला. १९८८ मध्ये जेम्स बार यांनी लेख लिहून दाखवून दिलं की अरामी भाषेत मोठी, कर्ती माणसंही आपल्या वडिलांना हीच हाक मारत. म्हणजे हाक घरातली आहे, जिव्हाळ्याची आहे, पण बोबडी नाही. नव्या करारात ती तीनच ठिकाणी येते. त्यांतलं शुभवर्तमानातलं ठिकाण एकच, गेथशेमाने. रात्र, घाम, उद्याचं मरण डोळ्यांपुढे. तिथे तो अब्बा म्हणतो, प्याला दूर कर म्हणतो आणि लगेच म्हणतो की माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. देवाला इतक्या जवळून हाक मारणं आणि त्याच्यापुढे इतकं वाकणं एकाच श्वासात झालेलं आहे. त्यानेच शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतही पहिली हाक बापाला आहे आणि पहिली मागणी त्या बापाचं नाव पवित्र मानलं जावं ही आहे. भाकरी नंतर येते.

आणि नव्या करारात धाक नाही असं कुणी म्हणावं? हनन्या आणि सप्पीरा प्रेषितांपुढे खोटं बोलून पडतात, ती गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांत आहे, शमुवेलात नाही. देव भस्म करणारा अग्नी आहे हे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या लेखकाने ख्रिस्ती वाचकांना लिहिलंय, आणि त्याच पत्रात धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ या असंही लिहिलंय. राजासन, आणि धैर्याने जवळ या.

मित्रदेवाच्या भाषेत मला आणखी एक गोष्ट खटकते, आणि ती ग्रंथातली नाही. ज्या बाईला नवऱ्याने बेदम मारलंय, ज्याची जमीन भावाने खोट्या सहीने लाटलीय, अशा माणसाजवळ बसून मी प्रार्थना केलीय. त्याला देव जवळ हवा असतो, यात शंका नाही. पण त्याच्याइतकाच मारणाऱ्याचाही दोस्त असलेला, सगळं चालवून घेणारा देव त्याला नको असतो. झालं ते वाईट होतं, ते माझ्या डोळ्यांना सहन होत नाही, असं म्हणणारा कुणीतरी त्याला हवा असतो. पावित्र्य म्हणजे हेच. ते काढून घेतलं तर उरलेल्या जवळिकीत त्या बाईला टेकायला भिंत राहत नाही.

रुडॉल्फ ओटो या जर्मन ईश्वरविज्ञान्याने १९१७ साली पावित्र्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात त्याने दोन गोष्टी एकत्र पाहिल्या: माणसाचा थरकाप उडवणारं काहीतरी आणि त्याच वेळी ओढून घेणारं काहीतरी. हे आपल्याला गीतेच्या अकराव्या अध्यायातून, ज्ञानेश्वरीतून परिचयाचं आहे. विश्वरूप पाहून अर्जुन कापतो, थट्टेत सखा म्हणून हाका मारल्या त्याची क्षमा मागतो, आणि मग विनवतो की हे आवर, मला तुझं नेहमीचं रूप दाखव. कृष्ण ते विराट रूप आवरतो. थोर प्रसंग आहे. पण प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायात घडतं ते निराळं. पात्म बेटावर योहान त्या तेजस्वी पुरुषाला पाहतो, डोळे अग्नीसारखे, मुख दुपारच्या सूर्यासारखं, आणि मेल्यासारखा त्याच्या पायांपाशी पडतो. परंपरा मानते की शेवटच्या भोजनात येशूच्या उराशी टेकून बसलेला शिष्य हाच. इथे तेज आवरलं जात नाही. ते तसंच असताना उजवा हात पुढे येतो आणि योहानाच्या अंगावर टेकतो, आणि भिऊ नको असं सांगितलं जातं. सूर्यासारखा चेहरा आणि अंगावरचा हात एकाचेच, एकाच क्षणी.

माझ्या चर्चबाहेरच्या स्नेह्यांना मी नारायण वामन टिळकांकडे बोट दाखवीन. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हटलं, अभंगांतून त्याच्याशी लाडिकपणे बोलले. आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा जो मेळा त्यांनी उभा केला, त्याला नाव काय दिलं? देवाचा दरबार. माउलीच्या घराला दरबार म्हणताना त्या कवीची जीभ अडखळली नाही. मराठी अडखळतच नाही. साहेबाला आपण तुम्ही म्हणतो. आईला तू म्हणतो आणि ज्याच्यापुढे साष्टांग लोटांगण घालतो त्यालाही तू म्हणतो. ख्रिस्ती मराठीनेही तेच केलं. गुडघे टेकून, डोकं झाकून, आम्ही तू म्हणतो.

वसईकडच्या कुठल्याही मिस्सेत हे दर रविवारी घडतं. यशयाने ऐकलेलं सराफीमांचं गाणं, तीनदा पवित्र म्हणणारं, सगळी मंडळी मिळून गाते. आणि ते गाणं संपून फार वेळ झालेला नसतो, तोच माणसं रांगेत उभी राहतात. मासळीवाली, रिक्षावाला, शाळकरी पोर. ज्याला तीनदा पवित्र म्हटलं तो त्यांच्या तळहातावर ठेवला जातो, आणि ती त्याला खातात. याहून जवळ काय असतं?

राहिला उज्जा. त्याचं मरण मला पुरतं उलगडलंय असं मी म्हणणार नाही. दावीदालाही उलगडलं नाही. तो रागावला, घाबरला, आणि शास्त्राने त्याचा राग लपवलेला नाही. पण त्या गाडीकडे सरांनी पाहावं. कोशाला कड्या होत्या, कड्यांत दांडे होते, आणि लेव्यांनी तो खांद्यावर वाहायचा असा नियम होता. गाडीवर कोश पाठवण्याची रीत पलिष्ट्यांची. त्यांनी तो असाच परत धाडला होता. म्हणजे पावित्र्याच्या नियमाने जे मागितलं होतं ते अंतर नव्हतं, खांदा होता. ओझं अंगावर जाणवलं पाहिजे, चालणाऱ्याच्या मानेला दांड्याचा वळ उठला पाहिजे, आणि तरी हात घालायचा नाही. दावीदाच्या लोकांनी ती जवळीक टाळून कोश बैलांच्या हवाली केला.

म्हणून सर, पुढच्या शुक्रवारी हाच अध्याय पुन्हा घेऊ या. या वेळी सातव्या वचनाला थांबायचं नाही. दावीद घाबरून कोश वाटेतच ठेवतो, तो ओबेद-अदोमाच्या घरी. हा ओबेद-अदोम गित्ती, म्हणजे गथचा; गल्याथाचं गाव. राजाला आपल्या नगरात न्यायला भीती वाटली ती वस्तू या माणसाच्या घरात तीन महिने राहिली, त्याच्या छपराखाली, त्याच्या बायकापोरांत. त्या तीन महिन्यांत त्या घराचं काय झालं ते अकराव्या वचनात आहे. ते तुम्हीच मोठ्याने वाचा.